सातबाऱ्याचे गुण

१९९६ साल. मला एक्कावन्नावं लागलं होतं, आणि भरलेलं पोतं बैलगाडीत टाकायला अजून दुसरा माणूस लागत नव्हता.

त्या उन्हाळ्यात एकदा परतूरला बाजाराला गेल्तो. बस स्टँडसमोरच्या हॉटेलात एक जण पेपर मोठ्यानं वाचत बसला होता. शेतकी कॉलेजात पोरं घ्यायचे नियम बदलले, अशी बातमी होती. आधी कसं होतं, ते सांगतो. बारावीला पडलेल्या गुणांत शेतकऱ्याच्या लेकराला वरून जादा गुण धरायचे. शेतकरी असल्याचा दाखला सरपंच द्यायचा. सरपंचाला मतं पाहिजेत, मग तो कोणाला न्हाई म्हणणार? किराणा दुकानदाराचं पोरगं शेतकरी, सोनाराचं पोरगं शेतकरी. ज्यानं जन्मात ढेकूळ फोडलं नाही, त्याचे गुण वाढायचे आणि तो आमच्या पोरांच्या पुढं जाऊन बसायचा. आता म्हणे दाखला बंद. सातबाऱ्याचा उतारा लावायचा. त्यावर बापाचं नाव असेल, तरच लेकराला जादा गुण.

मी टेबलावर थाप मारली.

"बराबर केलं! बिलकुल बराबर! ज्याची जमीन, त्याचंच पोर."

हॉटेलवाला हसला. "तुमच्या पोरीचा नंबर पक्का मंग."

"पक्काच हाय," मी म्हणालो, आणि पेपर वाचणाऱ्याला चहा सांगितला.

माझी पोरगी तेव्हा बारावीचे पेपर देऊन निकालाची वाट बघत होती. एकच लेकरू. ती परतूरच्या ज्युनिअर कॉलेजला एसटीनं जाऊन येऊन शिकली. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला तिच्या पुस्तकातलं काही कळायचं नाही, पण तिचा नाद कळायचा. कपाशीचं झाड वाळलं की बाकीचे लोक उपटून बांधावर फेकतात. ही ते घरी आणायची, विळ्यानं मुळी उभी चिरायची आणि आतून कुठं काळी पडली ते बघत बसायची. माझा मोठा भाऊ, दादा, तिला म्हणायचा, "माय, ते मेलं, आता त्याला काय इचारती?" ती म्हणायची, "मोठे बाबा, मेलेलंच खरं सांगतं." दादाला हे लय आवडायचं. गावभर सांगत फिरायचा.

शेतकी कॉलेजात जायचं हे तिनं दहावीलाच ठरवलं होतं. मी तिला एक शब्द दिल्ता आणि एक घेतला होता. नंबर लागला तर शिक, मी आडवा येणार नाही. नाही लागला तर पुढं हुज्जत घालायची नाही, तीर्थपुरीकडचे पाहुणे येऊन राह्यलेत, ती सोयरीक करायची. पाहुणे चांगले होते, पण घाईचे होते. जून संपायच्या आत हो की नाही सांगा, असा त्यांचा निरोप होता. पोरगी म्हणाली, "चालंल." तिला तिच्या गुणांचा भरवसा होता आणि मला माझ्या बोलण्याचा.

निकाल लागला. पास झाली, चांगली झाली, पण तिला वाटलं होतं तेवढे गुण पडले नाहीत. कॉलेजातले तिचे सर आमच्याच भागातले, तोंडाचे फटकळ, पण पोरांसाठी मरणारे. मी आणि ती त्यांच्याकडं गेलो. त्यांनी मागच्या सालची यादी कुठं थांबली ते पाहिलं, तिचे गुण पाहिले.

"नुसत्या गुणांवर लागत न्हाई," सर म्हणाले. "शेतीचे जादा धरले तर आरामात लागतंय. फॉर्म शुक्रवारपर्यंत गेला पाह्यजे. सातबारा आणलाय?"

"आणतो की. दादाच्या नावचा हाय."

सरांनी पेन खाली ठेवलं. "आणि तुमच्या नावचा?"

"दादाच्या नावचा तोच माझ्या नावचा."

"हे तुम्ही मला सांगून राह्यले, ठीक हाय. कॉलेजात कारकुनाला कोण सांगणार? नवा नियम वाचला न्हाई का तुम्ही?"

वाचला नव्हता, पण ऐकला होता. टेबलावर थाप मारून ऐकला होता.

त्या जमिनीचं असं आहे. वडील गेले तेव्हा मी ऐन पंचविशीत. तलाठी वारसाची नोंद करायला चावडीवर बसला. त्यानं दादाचं नाव लिहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "थांबा. एकच नाव असू द्या." तलाठी म्हणाला, "तुमचा हक्क हाय." मी म्हणालो, "हक्क हाय म्हणूनच सांगतो. दोन नावं आली म्हंजे वाटणीला सुरुवात झाली." चावडी माणसांनी भरलेली होती. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तसा जबाब दिला, सही केली आणि छाती काढून घरी आलो. आमच्या गावात ज्यांच्या ज्यांच्या उताऱ्यावर दोन नावं लागली, त्यांच्या घरात दोन चुली झालेल्या मी पाहिल्या होत्या. आमची एकच राहिली. वहिनी वारली, दादाच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या, तरी एकच राहिली. कापूस विकायला मी नेला तरी हिशेबाची पट्टी दादाच्या नावानं फाटायची. मला बिडी लागली तरी दादाच आणायचा. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. चावडीवर बोललो त्यात चूक झाली, असं मला आजही वाटत नाही.

सर म्हणाले, "एक वाट हाय. आईबाप सांभाळत नसतील, तर सांभाळणाऱ्या पालकाचा सातबारा चालतो. भावाला पालक दाखवा. तहसीलला एफिडेविट करा, पोरगी भावाच्या सांभाळात हाय म्हणून."

"बाप मेला का तिचा?"

"मेला न्हाई," सर म्हणाले, "पण सातबाऱ्यावर जिता पन न्हाई."

पोरीनं मान खाली घातली. हसू दाबत होती का रडू, ते मला कळलं नाही. मी उठलो. सरांना म्हणालो, "एक पोर हाय मला. ती दुसऱ्याच्या नावानं कॉलेजात जाणार न्हाई."

"दुसऱ्याच्या? आत्ता तर म्हणले, दादाचं तेच माझं."

मी चप्पल घातली.

एसटीत पोरगी खिडकीला बसली होती. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "बाबा, एक सांगा. जमीन आपली हाय का न्हाई?"

"हाय."

"मंग कागदावर कामून न्हाई?"

"कागदाला काय कळतंय?"

"मार्क कागदच देणार हाय, बाबा."

घरी आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. माझी बायको कमी बोलते. पण त्या दिवशी भाकरी थापता थापता बोलली. "तुमचा ताठा तुमच्यापाशी ठेवा. पोरीच्या गळ्यात नका बांधू."

"मी काय केलं?"

"तुम्ही काहीच न्हाई केलं. करणारा दुसरा हाय आन् मिरवणारे तुम्ही हायेत."

दुसऱ्या दिवशी मी तलाठ्याकडं गेलो. कोणाला सांगितलं नाही. वडिलांच्या वेळचा तलाठी कधीच बदलून गेल्ता, हा तरणा होता. त्याला म्हणालो, "आमच्या उताऱ्यावर माझं नाव लावायचं. दादाच्या नावाखाली. किती वेळ लागंल?"

"भावाची संमती हाय?"

"असंल."

"असंल चालत न्हाई. दोघांनी तहसीलदारांपुढं जबाब द्यायचा. मंग माझ्याकडं फेरफार येणार, मंग नोटीस. कोणाची हरकत हाय का, पंधरा दिवस थांबायचं. मंग सर्कल साहेब सही करणार. महिना-दीड महिना धरून चाला."

"मला शुक्रवारपर्यंत पाह्यजे."

तलाठी हसला नाही, एवढं बरं केलं त्यानं. "इतके साल काय केलं?"

मी म्हणालो, "शेती केली."

परत येताना रस्ता नेहमीचाच होता, पण मला चालवेना. पायात खोडा अडकवल्यासारखं झालं होतं. नाव लावायला गेलं तर वेळ नाही. पालक दाखवायला गेलं तर माझ्या तोंडानं मीच बाप नाही म्हणायचं. आणि काही केलं नाही तर पोरगी तीर्थपुरीच्या पाहुण्यांच्या घरी. तिनं शब्द पाळला असता. माझीच पोर ती.

तरी मला वाटलं, दादाला सांगून तर बघू. तहसीलदार ओळखीचा निघंल, काही जल्दी होईल. दुपारी शेतात बाभळीखाली आम्ही दोघं भाकर खायला बसलो. कसं बोलायचं याची मी वाटभर जुळवाजुळव केली होती. दादा असं असं हाय, पोरीचं अडलंय, असं बोलायचं होतं. पण मला कोणापुढं मागून बोलायची सवय नाही. तोंडातून भलतंच निघालं.

"दादा, उताऱ्यावर माझं नाव लागलं पाह्यजे."

दादाचा घास हातातच राहिला. "कामून?"

"माझा हक्क हाय म्हणून."

"कोणी शिकवलं तुला?"

"मला काय कोणी शिकवायला लागतंय?"

"वाटणी पाह्यजे म्हण की सरळ."

"वाटणी कोण मागून राह्यलं? नाव लावा म्हणलं."

"नाव म्हंजे काय असतंय मंग? आज नाव, उद्या बांध. चावडीवर हेच बोलला होता ना तू? साऱ्या गावापुढं?"

माझेच शब्द त्यानं माझ्यापुढं टाकले. तेव्हा तरी पोरीचं सांगायला पाहिजे होतं. पण माझं डोकं फिरलं होतं. मी ताडकन उठून म्हणालो, "न्हाई पाह्यजे वाटणी! कधीच न्हाई पाह्यजे! पुन्हा नाव काढलं तर थू माझ्या तोंडावर."

दादा शांतपणे म्हणाला, "बस, भाकर खा."

मी बसलो नाही. वखर जुंपला आणि ऊन उतरेपर्यंत हाणत राहिलो. दादा दुसऱ्या टोकाला तण काढत होता. आमच्या मधे सगळं वावर मोकळं होतं आणि मला मात्र कोंडल्यासारखं होत होतं. आता नावाचा रस्ताही मीच बंद करून टाकला होता.

घरात पोरगी माझ्याशी बोलत होती, पण लागंल तेवढंच. पाणी ठेवलंय. गाईला चारा टाकलाय. तिनं रडारड केली असती तर मी ओरडलो असतो, मोकळा झालो असतो. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही. चिरायला आणलेली कपाशीची मुळी तिनं चुलीत घातली. मी पाहिलं, तिनंही पाहिलं की मी पाहिलं. तेवढ्यात तीर्थपुरीचा माणूस निरोप घेऊन आला. पाहुणे विचारतायत, कधी येऊ? बायको माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, "शुक्रवारनंतर सांगतो म्हणावं."

बुधवारी दिवस मावळायला दादा अंगणात येऊन उभा राहिला. आम्ही तीन दिवस बोललो नव्हतो. एका पातेल्यातली भाजी वाढून घेत होतो, पण बोललो नव्हतो. तो माझ्याकडं न बघता बायकोला म्हणाला, "उद्या परतूरला जायचं. धोतर धुऊन टाकलंय मी."

"कशाला?" मी विचारलं.

"तुला कशाला सांगू? तू मला सांगितलं का? पोरीनं सांगितलं." मग माझ्याकडं वळला. "गाढवा, पोरीचं अडलंय असं म्हणायला तोंड झिजलं असतं का तुझं? मला वाटलं, बायकोनं कान फुंकले."

"भावजी, मी?" बायको आतून म्हणाली.

"न्हाई माय, चुकलं माझं." दादा ओट्यावर बसला. त्याचा चेहरा इतका फुलला होता, की मला त्याच्याकडं बघवेना. "पालक व्हायचं ना? मंग होतो की! शाळेत पहिल्या दिवशी बोटाला धरून कोणी नेलं तिला? मीच. माझीच हाय ती."

तो मायेनं म्हणाला. मला माहीत होतं की मायेनं म्हणतोय. पण मला वाटलं, कोणीतरी दार बाहेरून लावून घेतलं. आता न्हाई म्हणायला मला जागाच उरली नाही. भावानं केलेलं नाकारायचं तर कोणत्या तोंडानं? पोरगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही न्हाई म्हणले तर न्हाई."

मी म्हणालो, "मी कधी न्हाई म्हणलो?"

गुरुवारी आम्ही तिघं पहिल्या एसटीनं गेलो. तहसीलच्या व्हरांड्यात अर्ज लिहिणारे टाइपरायटर घेऊन बसायचे. त्यातल्या एकापुढं आम्ही बसलो. चष्मा नाकाच्या टोकावर, तोंडात सुपारी. दिवसभर असलीच कामं करणारा माणूस, त्याला आमच्याबद्दल ना माया ना राग. त्यानं कागद चढवला.

"लिहून देणार कोण?"

"मी."

"मुलीचे कोण?"

"बाप."

"तुमच्या नावे जमीन?"

"न्हाई."

"घर?"

"दादाच्या नावानं."

"उत्पन्न?"

मी दादाकडं पाहिलं. दादानं माझ्याकडं पाहिलं. "न्हाई," मी म्हणालो.

"मुलीच्या शिक्षणाचा खर्चा कोण करतो?"

"दादा."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. खोटं बोलायच्या तयारीनंच मी आल्तो. मनात म्हणत होतो, पोरीसाठी चार खोटे शब्द बोलू, गंगेत धुऊन टाकू. पण तो विचारत गेला आणि मी खरंच सांगत गेलो.

"धंदा?" त्यानं विचारलं.

"शेती," मी म्हणालो.

त्याचं बोट थांबलं. "शेती कशी? आत्ताच म्हणले जमीन न्हाई."

"कसतो ना मी."

"दुसऱ्याच्या नावची जमीन कसतो, तो मजूर." आणि त्यानं टकटक करून मारलं. धंदा, मजुरी.

दादा उठून उभा राहिला. "ये! मजूर लिहू नको. खोड ते."

"काका, खोडाखोड चालत न्हाई. शिक्का मारत न्हाईत साहेब."

"नवा कागद घे मंग. त्याला मजूर कोणी म्हणलं न्हाई आजपर्यंत."

"मी तरी कुठं म्हणून राह्यलो? कागदावर काय बसतंय ते लिहितो. तुम्ही सांगा, काय लिहू? भागीदार हाय का? मंग उताऱ्यावर नाव पाह्यजे. बटईदार हाय का? मंग बटईचा करार पाह्यजे. काय हाय ते दोन शब्दांत सांगा."

दादा उभाच होता. शेवटी म्हणाला, "भाऊ हाय. भाऊ लिही."

"भाऊ हा धंदा नसतो, काका."

बाजूचा टाइपरायटरवाला फसकन हसला. दादानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं असावं, मी आता उठून त्या माणसाची मशीन व्हरांड्याखाली फेकतो. इतर वेळी फेकलीही असती. पण पोरगी मधे बसली होती. फॉर्मचा एक दिवस राहिला होता. मी म्हणालो, "राहू द्या. आण इकडं, कुठं करायची सही?"

त्यानं सगळं वाचून दाखवलं. माझ्या नावे जमीन नाही. मला स्वतंत्र उत्पन्न नाही. माझी मुलगी लहानपणापासून माझ्या थोरल्या भावाच्या सांभाळात असून तेच तिचे पालक आहेत. मी सही केली. दादानं त्याच्या कागदावर केली. आत नेलं, साहेबानं मान वर न करता शिक्का मारला. पोरीनं दोन्ही कागद ओढणीच्या टोकानं पुसले, शाई वाळली का बघितलं आणि सरांकडं पळाली. त्या कागदावर, दादाच्या सातबाऱ्यावर तिला जादा गुण मिळाले, आणि त्या गुणांवरच तिचा नंबर लागला. पुढं ती शिकली, शेतकी खात्यात लागली. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी फक्त फॉर्म गेला होता.

गावात उतरल्यावर दादाच्या पोटात काही राहिलं नाही. त्याच्या मनात चीड होती त्या टाइपरायटरवाल्याची. पारावर बसून जो भेटंल त्याला सांगत होता, "माझ्या भावाला मजूर लिहितो, अक्कल हाय का? मी म्हणलं, भाऊ लिही." माझी बाजू घेऊनच सांगत होता तो. पण ऐकणाऱ्याला काय लागतं? दिवस बुडताना मी बैलांना हौदावर घेऊन गेलो. शेजारचा एक जण म्हैस घेऊन आल्ता, माझ्याच वयाचा, लहानपणापासून चेष्टेतला.

"काय मजूरसाहेब," तो म्हणाला, "आज मालक परतूरला गेल्ता, म्हणून सुट्टी का?"

मी म्हणालो, "म्हैस मागं घे, बैलं पिऊ दे."

"घेतो, घेतो. मालकाचे बैल हायेत, आम्ही काय बोलणार?"

तो हसत होता. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर मला लागलं हे त्याला कळलं असतं. बैलांनी पाणी पिऊन माना वर केल्या. मी त्यांना घेऊन घरी आलो आणि दावणीला बांधलं. बांधताना माझ्या मनात आलं, हे बैल मी पारखून आणले, मी शिकवले, यांच्या खांद्यावरचा वळ मला हातानं ओळखू येतो. यातला एकही माझा आहे असं मला कुठं लिहून दाखवता येत नाही. पन्नास वर्षं मला हे कधी लागलं नव्हतं. लोक म्हणतात, एका शब्दानं माणूस बदलत नाही. मी काही बदललो नव्हतो. मी तोच होतो. मला माझ्या जागेवर लिहिलेलं पाहिजे होतं, एवढंच.

थू माझ्या तोंडावर असं मी बोललो होतो, तेही ध्यानात होतं. त्याचा मी पुष्कळ विचार केला. मग म्हणालो, थुंकणारा थुंकंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. दादा अंगणात दगडावर बसून दात घासत होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"दादा, मी तलाठ्याकडं चाललो. माझं नाव लावायचा अर्ज द्यायला."

त्यानं चूळ भरली, थुंकली. "पोरीचं तर झालं काम."

"पोरीचं झालं."

"मंग आता कशाला?"

"मला पाह्यजे म्हणून."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्या दिवशी बाभळीखाली बघितलं होतं तसं नाही. मग पंच्यानं तोंड पुसत म्हणाला, "वाटणी?"

"तुम्ही म्हणाल ते."

"चूल?"

मी आत बघितलं. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता.

दादा गुडघ्यावर हात देऊन उठला. "तुझ्या एकट्याच्या अर्जानं काही व्हायचं न्हाई. माझी संमती लागती. थांब, टोपी घालतो."

मी थांबलो नाही. चालायला लागलो. वळणावर माझ्या मागं त्याच्या वहाणांचा आवाज येत होता, आणि मी पायांचा वेग कमी केला नाही. तलाठ्याचं दार अजून उघडलं नव्हतं. मी पायरीवर जाऊन बसलो.